गाडी अंगणात लावू का?

दुपारचे चार वाजले की आमच्या गाडीतलं बोलणं कमी होत जातं. साडेचारला नवरा विचारतो, "मग?" मी म्हणते, "बघू." पाच वाजता तो पुन्हा "मग?" म्हणतो, आणि या खेपेला त्यातला 'म' जरा लांबलेला असतो. सूर्य बुडायच्या आत गाडी कुठेतरी उभी करायची, एवढा एकच नियम आम्ही कडक पाळतो. अंधारात निवडलेली जागा सकाळी गावचा उकिरडा निघते, नाहीतर स्मशान. आमच्या दोन्ही निघून झाल्यात.

व्हॅनमधून फिरतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक फोटो येतो. मागचं दार उघडं, पलीकडे समुद्र, पांढऱ्या चादरीवर चार पावलं आणि वाफाळता कप. असा फोटो आमच्याकडेही आहे. तो काढल्यावर दोन मिनिटांत चादरीवर लाल मुंग्या चढल्या आणि ती चारही पावलं नाचायला लागली, हे फोटोत येत नाही.

ही गाडी आम्ही फिरण्यासाठी घेतलेली नाही. नवऱ्याचा छपाईचा धंदा होता, मुख्यतः लग्नपत्रिकांचा. हळूहळू लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवायला लागले. छापायच्या त्या देवापुढे ठेवायला आणि मानाच्या चार घरांना. उरलंसुरलं काम लॉकडाउनमध्ये गेलं. यंत्रं वजनावर विकली. गाडीचा भंगारवाल्याने जो भाव सांगितला तो ऐकून नवऱ्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही. गाडी दारातच राहिली. तिच्या अंगावर लाल रेडियमच्या अक्षरांत 'लग्नपत्रिका' असं लिहिलेलं होतं. हेअर ड्रायरने तापवून आणि नखांनी खरवडून आम्ही 'पत्रिका' काढली. 'लग्न' काही निघेना. नवरा म्हणाला, "राहू दे. खोटं थोडंच आहे?"

तर आम्ही 'लग्न' लिहिलेल्या गाडीतून फिरतो. आजवर आम्हाला केटरर, मंडपवाले, बँडवाले आणि एकदा भटजी समजण्यात आलंय.

आतली मांडणी साधी आहे. मागची सीट दुमडून तिच्यावर बारा मिलिमीटर प्लायच्या तीन फळ्या, बिजागऱ्यांनी जोडलेल्या. वर चार इंची फोमची गादी, खाली भाजीवाल्यांकडे असतात तसले क्रेट. एकात भांडी, एकात शिधा, एकात कपडे. पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि त्याला तोटी. सगळं सुटं, उचलून बाहेर ठेवता येईल असं, कारण गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते आणि नवऱ्याला सरकारी कचेरीच्या पायऱ्या दिसल्या तरी घाम फुटतो. शेगडी कायम बाहेर. कितीही थंडी असली तरी बंद गाडीत ती पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. हे आम्ही दाराच्या आतल्या बाजूला लिहूनच ठेवलंय.

पहिली रात्र भंडारदऱ्याच्या वर, रतनवाडीत काढली. डिसेंबर होता. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 सालचं. त्याच्या जलाशयाला वळसा घालत रस्ता गावात जातो आणि थेट अमृतेश्वराच्या देवळाशी पोचतो. मागे रतनगड. थंडी मरणाची, म्हणून आम्ही सगळ्या काचा गच्च बंद केल्या. पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास थंड पत्र्याला लागून पाणी झाला होता आणि छतावरून ठिबकत होता. पांघरूण ओलं, उशी ओली, नवऱ्याचा चष्मा ओला. सकाळी ज्यांच्या दारात गाडी लावली होती ते बाबा गाडीकडे बघून म्हणाले, "खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी. आमी गोठ्याचीपन ठेवतो." तेव्हापासून दोन बोटं उघडी असतात आणि बाहेरून मच्छरदाणीचं कापड लोहचुंबकाने चिकटवलेलं असतं.

आता मुक्कामाचं. 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्या उभ्या करायच्या तळांचाही विचार आहे. आम्ही ते कौतुकाने वाचलं. पण संध्याकाळी पाच वाजता अनोळखी गावाच्या वेशीवर धोरण दिसत नाही, अंगणं दिसतात. आणि अंगणात गाडी लावायची तर कुणीतरी उतरून विचारावं लागतं.

ते कुणीतरी म्हणजे मी. नवरा उतरत नाही. सुरुवातीला मला तो आळस वाटायचा, मग भिडस्तपणा वाटायला लागला. खरं कारण पुष्कळ उशिरा कळलं. पत्रिका छापणाऱ्याला पैसे लग्नानंतर मिळतात, आणि लग्नानंतर कुणालाच पत्रिकेची आठवण राहत नाही. तीस वर्षं तो वसुलीसाठी लोकांच्या दारात उभा राहिला. "साहेब आंघोळीला गेलेत." "पुढच्या आठवड्यात या." एकदा म्हणाला, "दार वाजवलं ना, की आतला माणूस चेहरा कसा करणार हे मला आधीच कळतं." याच्यावर मी काय बोलणार?

माझं उलटं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. 2001 आणि 2011 च्या जनगणनेला मी दारोदार फिरले. शिवाय मतदार याद्या, पोलिओचे डोस. कुत्रं कोणत्या घरात आहे हे मला कुंपणावरून कळतं. गडी माणूस एकटा पडवीत बसलेला असेल तर त्याला विचारायचं नाही, आतून बाई बाहेर येईपर्यंत थांबायचं, कारण परवानगी तीच देणार असते. पहिलं वाक्य पाण्याचं. "ताई, पाणी मिळेल का?" पाणी आलं की गाव कुठलं, माणसं किती, हे सगळं त्याच विचारतात. आणि त्यानंतर, "रात्रीपुरती गाडी अंगणात लावू का? आम्ही गाडीतच झोपतो."

आमची पहिली तपासणी इथे होते. बाई गाडीपाशी येतात, आत वाकून बघतात. गादी, क्रेट, दोरीवर वाळणारा टॉवेल. "यात?" म्हणतात. मग माझ्याकडे बघतात आणि नवऱ्याकडेही एकवार बघून घेतात. ते दुसरं बघणं फार बोलकं असतं. या माणसाने बायकोचे काय हाल चालवलेत, असं.

मी वाचलेल्या प्रवासवर्णनांत कुणी कधी लघवीला जात नाही. डोंगर चढतात, नद्या ओलांडतात, सूर्यास्त बघतात, आणि तिकडे कुणी जातच नाही. बायकांनी गाडीतून फिरायचं तर अर्धा दिवस याच हिशेबात जातो. पेट्रोल पंपावर शौचालय असायलाच हवं, पण किल्ली कुणाकडे हा प्रश्न राहतोच. एसटी स्टँडवर नाक दाबून. देवस्थानांच्या भक्तनिवासात बहुतेक वेळा बरं असतं. रात्रीसाठी आमच्याकडे झाकणाची बादली आणि सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा आहे. भुसा वास धरून ठेवतो, सकाळी खड्डा करून पुरायचं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, तरी पहिल्या वेळी मी नवऱ्याला दोनशे पावलांवर पाठवलं होतं. तो गेला आणि तिथून ओरडून विचारायला लागला, "झालं का?" वाडीतली चार कुत्री उठली.

ताम्हिणी उतरून निजामपूरच्या अलीकडे एका दुपारी रस्त्यात मेंढरं आडवी आली. भाताची कापणी होऊन गेलेली. दिवाळीनंतर फलटण-बारामतीच्या बाजूचे धनगर घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाच्या आधी परत वर चढतात. त्यांचा जो तांडा असतो त्याला ते वाडा म्हणतात. शेतकरी आपल्या मोकळ्या खाचरात रात्री मेंढरं बसवून घेतो. शेतीला लेंडीखत मिळतं, त्याचा मोबदला म्हणून धनगराला धान्य नाहीतर पैसे. म्हणजे यांच्या मुक्कामाची जागा नुसती मागितलेली नसते, तिच्यात देणंही असतं. आम्ही अंगणात एक रात्र झोपून सकाळी काय मागे ठेवतो? चाकाचा वण आणि "परत या हं."

मेंढरं जाऊ देत आम्ही थांबलो होतो. पाठोपाठ घोडं आलं. त्याच्यावर घडवंची, पातेली, वाकळा, सगळ्यात वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि नुकतंच जन्मलेलं एक करडू, त्याची मान वाकळेतून बाहेर. घोड्याचा दोर धरलेली बाई माझ्याच वयाची असावी. सरकतं दार उघडं होतं. ती थांबली, आत बघितलं, अगदी सावकाश, क्रेट मोजल्यासारखं.

"ह्यात ऱ्हाता व्हय?"

"हो, दोघंच."

"घर न्हाय?"

"आहे की. पुण्यात."

"मंग?"

नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर मागचा मेंढ्यांचा लोंढा आला आणि ती पुढे निघाली. तिला उत्तराची घाई नव्हती. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. हौस हा शब्द तोंडाशी आला होता, तो तिच्यासमोर बाहेर पडला नाही ते बरंच झालं.

किनाऱ्याने जायचं तर सगळ्यात सुंदर भाग खाड्यांचा. बागमांडल्याहून वेशवीला जाताना सावित्री, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला शास्त्री. प्रत्येक ठिकाणी जेटीवर रांग लावायची, फेरीबोट तोंड उघडते, एक पोरगा हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पुढच्या गाडीला चार बोटं ठेवून "बास!" करतो. सागरी महामार्गाचे पूल होणार आहेत, तेव्हा हे तास वाचतील. वाचोत बापडे. आम्हाला ती वीस मिनिटं फार लागतात. त्या वेळात कुणीच गाडी चालवत नसतं, म्हणून भांडणही होत नाही.

केळशीच्या आसपास आम्ही एक मूर्खपणा केला, तो सांगायलाच हवा. फाल्गुनातली पौर्णिमा. चंद्र पुळणीवर बसून बघू, म्हणून ओहोटीच्या कडक वाळूवरून गाडी खाली नेली. नेताना मस्त गेली. सहा वाजता परत फिरवायला गेलो तर मागची चाकं जागेवरच गरगरली आणि दोन मिनिटांत ॲक्सल वाळूला टेकला. नवरा जितका ॲक्सिलरेटर दाबतोय तितकी ती खाली. चंद्र छान उगवत होता. कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

जाळं आवरून एक म्हातारे काका आले. गाडीकडे नाही, आमच्याकडे बघितलं. "आज तिथी काय?"

"पौर्णिमा."

"पंधराची पाऊणपट करा."

नवरा हिशेबाला पक्का. "सव्वाअकरा."

"सव्वाअकराला इथं कमरेएवढं पाणी. पुनवेचं उधाण आहे."

कोकणात भरतीचं गणित असं करतात. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्याचंच हे कोष्टक. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचं आणि मधल्या मवाळ भरतीला भांग. एवढी वर्षं दिनदर्शिका भिंतीवर लावली, एकादशी आणि गॅसच्या तारखा बघितल्या, पण समुद्र तिच्यात लिहिलेला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

काकांनी आधी चाकांतली हवा निम्मी काढायला लावली. हातांनी चाकापुढची वाळू उपसली, वाडीतून पोरं आली, माडाच्या सुक्या झावळ्या चाकांखाली घातल्या. "आता हळू. पायानं नको, मनानं दाबा." तिसऱ्या खेपेला गाडी हलली आणि मग न थांबता वरच्या सुरूंपर्यंत गेली. पोरांना नवऱ्याने पैसे देऊ केले तर त्यांनी पैशांकडे बघितलंच नाही, बाजूचं 'लग्न' वाचून हसत सुटली.

काका मात्र जाता जाता बोलले. आवाज चढवला नाही. "इथून कासवीण वर येते अंडी घालायला. वाळू दाबली तर खालचं काय होतं?"

दोन दिवसांनी वेळासला गेलो, थोडे शरमिंदे होऊनच. नाना फडणवीसांचं हे गाव. 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण सुरू झाली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन केली. मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या घरात अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं. सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तेव्हा आतली पिल्लं तळहातापेक्षा लहान, पावसाळी चपलेच्या रंगाची. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उकिडवे. एक पिल्लू लाटेपर्यंत पोचलं, लाटेने उलटं मागे फेकलं, पुन्हा निघालं. नवरा शेजारी पुटपुटत होता, "आज द्वितीया... दीड वाजता..." त्याला आता नादच लागला होता.

खाली देवगडच्या पुढे, आचऱ्याच्या वाटेवर आमचं भांडण झालं. कारण पाण्याचा कॅन. तो भरायचं काम त्याचं, तो विसरला, आणि मी भर दुपारी तोंडाला साबण लावून तोटी फिरवत उभी. शब्दाला शब्द वाढला. व्हॅनमध्ये भांडल्यावर जायला दुसरी खोली नसते, पण सरकतं दार आपटायला फार छान असतं, पूर्ण लांबीचा आवाज येतो. मी ते आपटून मागे गादीवर जाऊन पडले. चार वाजले. साडेचार. "मग?" मी गप्प. पाच. त्याने एका पायवाटेच्या तोंडाशी गाडी थांबवली. मी डोळे मिटूनच होते. त्याचं दार उघडल्याचं ऐकलं, लागल्याचं ऐकलं. खिडकीच्या दोन बोटांच्या फटीतून बघितलं तर तो एका गडग्यापाशी उभा होता. वसुलीला उभा राहायचा तसाच, काखेत वही नव्हती एवढंच. खाकरला. पुन्हा खाकरला.

वीस मिनिटांनी परत आला. हातात दोन शहाळी. "आजी एकट्या आहेत. मुलगे मुंबईला. म्हणाल्या गाडी आत घे, पण बायको खंय?"

खळ्यात शेणाने सारवलेली जमीन, तुळस, वाळत घातलेली आमसुलं. आजींनी आम्हाला वरून खाली न्याहाळलं.

"गाडयेत निजतलास? मगे ह्या येवढा घर कोणासाठी आसा?"

हा प्रश्न त्या धनगर बाईच्याच घराण्यातला. घर खरंच मोठं होतं. पुढे पडवी, माजघर, दोन खोल्यांना कुलपं, ती गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. आम्ही सांगितलं, सवय झालीय, गाडीतच झोपतो. त्यांना ते पटलं नाही. जेवायला उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याची किसमूर आणि लोणचं. रात्री दोनदा बॅटरी घेऊन येऊन खिडकीतून विचारून गेल्या, "जागी आसस गो?" नसते तर झालेच असते.

सकाळी मी नदीवर... नदीवर कसली, विहिरीवर भांडी घासून आले तर गाडीचं सरकतं दार उघडं आणि गादीवर आजी आडव्या. नऊवारीचा काष्टा नीट आवरलेला, हात पोटावर, डोळे छताकडे. नवरा बाहेर अवघडून उभा.

"बरा आसा," आजी म्हणाल्या. "पण वारो नाय." मग उठून बसल्या, पदर सारखा केला. "माका तिठ्यार सोडशात?"

पुढच्या सीटवर बसायचा मान त्यांचा. मी मागे क्रेटच्या मधे. गाडी खळ्यातून निघाली तशा आजींनी काच पूर्ण खाली करवली, कोपर बाहेर काढलं, आणि वाटेत दिसेल त्याला हाक मारायला सुरुवात केली. नवरा दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, त्या जाऊ देईनात. तिठ्याच्या अलीकडे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. ती थांबली. गाडीवरचं लाल अक्षर वाचलं, आजींकडे बघितलं.

"गे आजये, कोणाचा लगीन?"

"माझा!" आजी म्हणाल्या, आणि नवऱ्याला हॉर्न वाजवायला लावला.